रॉकफेलरची वही

जॉन डी. रॉकफेलर २६ सप्टेंबर १८५५ रोजी क्लीव्हलंड शहरातील ह्यूइट अँड टटल या अडत पेढीत साहाय्यक हिशेबनीस म्हणून रुजू झाला. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. नोकरी लागल्याचा हा दिवस तो पुढे आयुष्यभर सणासारखा पाळत असे. त्याच सुमारास त्याने स्वतःसाठी एक लहानशी वही घातली. मिळकत किती, खर्च किती आणि चर्चला व गरजूंना दिले किती, याची नोंद त्याने तीत सेंटासेंटापर्यंत केली. 'लेजर ए' या नावाने ओळखली जाणारी ही वही त्याने अब्जाधीश झाल्यावरही एखाद्या पोथीसारखी जपली.

रॉकफेलरविषयी आजवर लिहिणाऱ्यांपैकी अनेकांनी, बहुधा नकळत, हीच वही पुढे चालवली आहे, असे माझे मत आहे. एका रकान्यात बुडवलेले प्रतिस्पर्धी, रेल्वेशी केलेले गुप्त करार आणि संपकऱ्यांचे मृत्यू मांडायचे. दुसऱ्या रकान्यात शिकागो विद्यापीठ, वैद्यकीय संशोधन संस्था आणि अंकुशकृमीविरुद्धची मोहीम मांडायची. मग तळाशी बेरीज करून बाकी जमेला निघते की नावेला, ते सांगायचे. ही मांडणी समतोल दिसते. पण ती मुळात चरित्रनायकाचीच मांडणी आहे. तिचा स्वीकार करताच चरित्रकार त्याचा कारकून होतो.

घटना थोडक्यात पाहू. १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे तेलाची विहीर यशस्वी झाली आणि दिव्यात जळणाऱ्या रॉकेलचा (हा शब्द 'रॉक ऑइल'चाच मराठी अवतार) धंदा उभा राहिला. रॉकफेलर विहिरींच्या जुगारात न पडता शुद्धीकरणात उतरला आणि १८७० मध्ये त्याने स्टँडर्ड ऑइल कंपनी स्थापन केली. १८७२ चे साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनीचे प्रकरण तर मुळातून समजून घेण्याजोगे आहे. रेल्वेने या गटाला त्यांच्या मालवाहतुकीच्या दरात सूट द्यायचीच. शिवाय प्रतिस्पर्ध्यांनी भरलेल्या भाड्यातलाही वाटा द्यायचा आणि त्यांच्या मालाची माहितीही पुरवायची, असा तो बेत होता. म्हणजे प्रतिस्पर्धी जितका अधिक माल पाठवील, तितका तो आपल्याच शत्रूचा खिसा भरील. बोभाटा झाल्यावर ही योजना बारगळली. परंतु तिच्या धाकाखाली अवघ्या काही आठवड्यांत क्लीव्हलंडमधील २६ पैकी २२ शुद्धीकरण कारखाने स्टँडर्डच्या हाती गेले.

या काळात जे तेलव्यावसायिक भरडले गेले, त्यांत फ्रँकलिन टार्बेल हा एक होता. त्याची मुलगी इडा पुढे पत्रकार झाली. 'मॅक्ल्यूअर्स' मासिकात नोव्हेंबर १९०२ पासून तिने स्टँडर्ड ऑइलचा इतिहास लेखमालेच्या रूपाने लिहिला. १९०४ मध्ये तो ग्रंथरूपाने आला. मुलीने बापाचा सूड घ्यावा, असा मामला सहज होऊ शकला असता. तसे झाले नाही, याचे कारण तिची पद्धत. न्यायालयांतील साक्षी, विधिमंडळांच्या चौकशीचे अहवाल आणि वाहतुकीचे दर तिने धुंडाळले. इतकेच नव्हे, तर स्टँडर्डचा वरिष्ठ अधिकारी हेन्री रॉजर्स याच्याशीही अनेक भेटींत चर्चा केली.

साहित्याच्या अभ्यासकाला या ग्रंथातील एक प्रकरण विशेष महत्त्वाचे वाटावे. स्टँडर्ड ऑइलच्या न्याय्य थोरवीला टार्बेलने स्वतंत्र प्रकरण दिले आहे. काटकसर, संघटनकौशल्य, वाया जाणाऱ्या प्रत्येक थेंबाचा विचार, हे सारे तिने मोकळेपणाने मान्य केले. पण हे गुण तिने जमेच्या रकान्यात टाकून गुन्ह्यांतून वजा केले नाहीत. माझ्या वाचनात या प्रकरणामुळे आरोप सौम्य न होता अधिक धारदार होतो. ज्याच्यापाशी एवढी कुवत होती, त्याला लबाडीची गरज नव्हती. म्हणून ती लबाडी यशाची अपरिहार्य किंमत ठरत नाही, ती त्याने केलेली निवड ठरते. वजाबाकी नाकारणारी ही टीका आहे, आणि चरित्रलेखनाला तिने दिलेला हा धडा मला फार मोलाचा वाटतो.

तिचा तोलही पुढे ढळला, हे सांगितलेच पाहिजे. १९०५ मध्ये तिने रॉकफेलरचे व्यक्तिचित्र लिहिले. तोवर आजाराने त्याचे सारे केस गळून गेले होते. त्या चेहऱ्यावरून तिने त्याच्या अंतःकरणाचा निवाडा केला. कागदपत्रे सोडून कातडी वाचू लागलेली समीक्षा किती लवकर घसरते, याचे हे उदाहरण विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवावे.

त्याच वर्षी 'कलंकित पैशा'चा वाद पेटला. रॉकफेलरने एका मिशनरी मंडळाला दिलेली एक लाख डॉलरची देणगी परत करावी, अशी मागणी वॉशिंग्टन ग्लॅडन या धर्मोपदेशकाने केली. मग उघड झाले की मंडळानेच ती मागितली होती! प्रसंग हास्यास्पद झाला, पण प्रश्न हास्यास्पद नव्हता. पैसा मिळवण्याचे सामर्थ्य ही ईश्वरी देणगी आहे, अशी रॉकफेलरची प्रामाणिक श्रद्धा होती. त्याला ढोंगी म्हणून मोकळे होणे सोपे असले, तरी त्याचे दान आणि त्याचा धंदा एकाच शिस्तीतून, एकाच निःशंक मनातून निघाले होते, हे पाहणे अधिक अस्वस्थ करणारे आहे.

१९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्टँडर्डचे ३४ तुकडे झाले. पुढे त्या तुकड्यांचे समभाग वधारून रॉकफेलर अधिकच श्रीमंत झाला. १९१३ मध्ये रॉकफेलर फाउंडेशन स्थापन झाले. पुढल्याच वर्षी, २० एप्रिल १९१४ रोजी, कोलोरॅडोतील लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला झाला. एका तंबूखालच्या खड्ड्यात आसरा घेतलेल्या दोन स्त्रिया आणि अकरा मुले मरण पावली. ज्या कंपनीविरुद्ध संप होता, तिची सूत्रे रॉकफेलर घराण्याकडे होती.

आता पुण्याकडे पाहा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी १९५२ मध्ये येथे विषाणू संशोधन केंद्र सुरू केले. तेच १९७८ मध्ये राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाले. २०२० च्या महासाथीत या संस्थेचे नाव घरोघरी पोचले. तिच्या कामाने वाचलेले जीव खरे आहेत. लडलोच्या खड्ड्यातली मुलेही खरी आहेत. या दोहोंची वजाबाकी करणारे गणित कोणते? पुण्यातला कोणी बरा झाला म्हणून कोलोरॅडोतल्या आईचे देणे फिटत नाही. आणि त्या आईचे दुःख खरे म्हणून पुण्यातले संशोधन खोटे ठरत नाही.

तुकोबांनी धन जोडणे आणि धन वेचणे यांचा विचार एकाच अभंगात केला, हे मराठी वाचकाला सांगायला नको. जोडण्याची रीत वाईट असेल, तर वेचण्याची रीत तिला धुऊन काढते, अशी सवलत तेथे नाही. याच तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. ऋणकोंना त्यांनी हिशेबातूनच मोकळे केले. रॉकफेलरने वही जपली.

आज आपल्याकडेही धनवंतांची चरित्रे भराभर निघत आहेत आणि विद्यापीठांतील इमारतींवर, अध्यासनांवर त्यांची नावे चढत आहेत. देणगी नाकारण्याचा सोवळेपणा मी सुचवत नाही. ग्रंथालयाला पुस्तके लागतात. संस्थेने देणगीची पावती जरूर द्यावी. पण चरित्र लिहिताना आणि शिकवताना त्या पावतीचा उपयोग पुरावा म्हणून होऊ नये. वर्गात टार्बेलच्या ग्रंथाशेजारी रॉकफेलरच्या १९०९ च्या आठवणी ठेवाव्यात आणि १९९८ चे रॉन चेर्नोचे विस्तृत चरित्रही ठेवावे. मग विद्यार्थ्यांना बाकी काढायला सांगू नये. प्रत्येक नोंद कोणाच्या हाताने झाली आणि कोणाची नोंद राहून गेली, एवढे शोधायला सांगावे.