आरोग्यसंवाद : कोलेस्टेरॉल ‘नॉर्मल’ आहे, पण कुणासाठी?



या वेळचा विषय आम्ही दुक्मच्या मंडळींना डोळ्यांपुढे ठेवून निवडला आहे, पण तो आपल्या प्रत्येक घरातला आहे. बंदर, ड्रायडॉक आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये उद्घाटन झालेली रिफायनरी, यांच्या निमित्ताने आपली माणसं दुक्मला जातात. मस्कत तिथून पाचशे किलोमीटरहून लांब. शिफ्टची ड्यूटी, मेसचं तेलकट जेवण, दिवसातून चार वेळा करक चहा आणि कुटुंब बहुधा गावी. छातीत कळ आली तर मोठ्या हृदयरोग केंद्रासाठी मस्कतसारखं शहर गाठावं लागतं. तेव्हा ती वेळ येऊच नये, याची तजवीज आधीच केलेली बरी.

आपल्याकडे रक्ताचा रिपोर्ट आला की आपण छापील मर्यादा बघतो आणि ‘नॉर्मल आहे, झालं!’ म्हणून तो कपाटात ठेवतो. इथेच गफलत होते. एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारं कोलेस्टेरॉल, किती असावं हे ज्याच्या त्याच्या धोक्यावर ठरतं. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने जुलै २०२४ मध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार धोका कमी असेल तर एलडीएल १०० च्या खाली, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब यांमुळे धोका जास्त असेल तर ७० च्या खाली आणि हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल तर ५५ च्या खाली ठेवायचं.

समजा, एकाच खोलीत राहणाऱ्या दोघांचं एलडीएल ११६ आलं. एक अठ्ठावीस वर्षांचा, निर्व्यसनी, घरात कुणाला हृदयरोग नाही. त्याला डॉक्टर बहुधा आहार आणि चालण्यावर भर द्यायला सांगतील. दुसरा अठ्ठेचाळीसचा, स्टेंट बसवलेला. त्याचं एलडीएल मात्र लक्ष्याच्या दुपटीहून जास्त आहे! आकडा एकच, अर्थ दोन.

परदेशात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांभाळायला हवी, ती म्हणजे एकक. भारतात रिपोर्ट मिलिग्रॅममध्ये असतो, तर आखातात अनेक ठिकाणी तो मिलिमोलमध्ये मिळतो. सुट्टीत पुण्याला १३१ आलेलं एलडीएल परतल्यावर ३.४ दिसलं, म्हणून हुरळून जाऊ नका, दोन्ही एकच! मिलिमोलच्या आकड्याला ३८.७ ने गुणलं की मिलिग्रॅम मिळतात. फ्रिजवर लावायला सोपं कोष्टक असं : १०० म्हणजे २.६, ७० म्हणजे १.८ आणि ५५ म्हणजे १.४.

‘आमचं वय काय, एवढी घाई कशाला?’ असं विचारणाऱ्यांसाठी एक माहिती. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतल्या अभ्यासात पहिल्या झटक्याचं मध्यक वय दक्षिण आशियाई लोकांत ५३ आढळलं; इतरत्र ते ५८-५९ च्या आसपास होतं. म्हणजे आपल्याकडे पाच-सहा वर्षं आधीच!

बरं, गोळी सुरू झाली म्हणजे काम झालं असंही नाही. २०१० च्या सुमारास ओमानसह सहा आखाती देशांत ‘सेफियस’ नावाचं सर्वेक्षण झालं. मस्कतच्या सुलतान काबूस विद्यापीठातले डॉक्टरही त्यात होते. कोलेस्टेरॉलची औषधं चालू असूनही, सर्वाधिक धोका असलेल्यांपैकी निम्म्याहून कमी लोक लक्ष्यापर्यंत पोचले होते. म्हणूनच गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर चार ते बारा आठवड्यांत पुन्हा तपासणी करायची. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल जेमतेम सहा टक्के आणखी उतरतं. त्यामुळे लक्ष्य दूर असेल तर डॉक्टर एझेटिमाइबसारखी दुसरी गोळी जोडतात. याचा अर्थ आजार बळावला असा नव्हे.

‘रिपोर्ट चांगला आला, आता गोळी बंद’ हा तर आपला आवडता उद्योग! गोळी थांबली की काही आठवड्यांत आकडा पुन्हा पूर्वपदावर जातो. स्नायू दुखू लागले किंवा घरात पाळणा हलायचा बेत असेल, तर गोळीबद्दल लगेच डॉक्टरांशी बोला. गावाहून परतताना पुढच्या रजेपर्यंतचा नेम काय, गोळ्या कुठून मिळतील, हे आधी ठरवा. सोबत डॉक्टरांची चिठ्ठीही ठेवा.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा : माझा धोका किती? माझं एलडीएलचं लक्ष्य कोणतं? पुन्हा तपासणी केव्हा? उत्तरं रिपोर्टवरच लिहून घ्या, आणि घरच्यांनाही सांगून ठेवा. छातीत दुखू लागलं, घाम फुटला, तर मात्र ‘गॅस असेल’ म्हणत बसू नका. ओमानमध्ये ९९९९ वर तात्काळ फोन करा.

पुढील अंकात रक्तदाबाविषयी बोलू. तोवर जुने रिपोर्ट कपाटातून बाहेर काढा, एकक तपासा आणि तारखेनुसार एका फाइलीत लावून ठेवा.