सभापतींचे आसन आणि मंत्रिपदाची वाट

21 ऑगस्ट 2025 रोजी राजभवनावर दोन मंत्र्यांचा शपथविधी झाला. त्यांपैकी रमेश तवडकर हे त्या दिवसापर्यंत गोवा विधानसभेचे सभापती होते. दुसरे दिगंबर कामत हे सप्टेंबर 2022 मध्ये काँग्रेसमधून भाजपमध्ये गेलेल्या आठ आमदारांपैकी एक. या आठ जणांना अपात्र ठरवावे, अशी मागणी करणाऱ्या याचिका सभापती या नात्याने तवडकर यांच्यासमोर आल्या होत्या आणि 2024 मध्ये त्यांनी त्या फेटाळल्या. ज्यांनी निवाडा दिला ते आणि ज्यांच्या बाजूने निवाडा लागला त्यांपैकी एक, असे दोघे एकाच दिवशी एकाच मंत्रिमंडळात दाखल झाले.

या घटनाक्रमात बेकायदा असे काही नाही. सभापतींनी राजीनामा देऊन मंत्री होण्यास घटनेची आडकाठी नाही. निवाड्यामागे कोणताही हेतू होता असे म्हणण्यासही आधार नाही. दोनतृतीयांश आमदारांनी केलेल्या विलीनीकरणाला दहाव्या परिशिष्टाचे संरक्षण मिळते, हा अर्थ मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने फेब्रुवारी 2022 मध्ये, आधीच्या विधानसभेतील फुटीच्या प्रकरणात ग्राह्य धरलेला होता. तरीही प्रश्न उरतोच. ज्याला उद्या मंत्रिपद मिळू शकते आणि ते देणे ज्या पक्षाच्या हाती आहे, त्याच पक्षाच्या लाभहानीचा न्याय त्याने करावा काय? हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात तो हाच. तो सिद्ध करण्यासाठी कोणाला अप्रामाणिक ठरवावे लागत नाही, कारण तो माणसाच्या मनात असण्याआधी पदाच्या रचनेत असतो.

गोव्याला हा प्रश्न नवा नाही. पक्षांतरबंदी कायदा 1985 मध्ये आला आणि पाचच वर्षांत त्याची सर्वांत विलक्षण परीक्षा याच राज्यात झाली. मार्च 1990 मध्ये प्रतापसिंह राणे यांचे काँग्रेस सरकार कोसळले. पक्षातून फुटलेल्या गटात खुद्द सभापती डॉ. लुईस प्रोत बार्बोझा होते. पक्षांतराचा न्याय ज्यांनी करायचा, तेच पक्षांतर करणाऱ्यांचे पुढारी झाले आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्रीही झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नवे सभापती सुरेंद्र सिरसाट यांनी त्यांना अपात्र ठरवले.

पुढचा अध्याय याहून बोलका आहे. जानेवारी 1991 मध्ये रवी नाईक मगो पक्षातून फुटून मुख्यमंत्री झाले. मगोचेच असलेल्या सिरसाट यांनी 15 फेब्रुवारीला नाईक यांना अपात्र ठरवले. मार्चच्या आरंभी सभागृहातील बहुमताने सिरसाट यांनाच सभापतिपदावरून दूर केले आणि त्यांच्या जागी काम पाहणाऱ्या उपसभापतींनी काही दिवसांतच तो निर्णय फेरविचारात फिरवला. आसन तेच, कायदा तोच, वस्तुस्थितीही तीच. बदलली होती ती फक्त आसनावरची व्यक्ती आणि तिच्या पाठीशी असलेली आमदारांची संख्या. डॉ. काशिनाथ जल्मी यांच्या याचिकेवर 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सभापतींना अशा फेरविचाराचा अधिकारच नसल्याचा निर्वाळा दिला. पुढे फेब्रुवारी 1994 मध्ये त्याच न्यायालयाने नाईक यांची मूळ अपात्रताही रद्द केली. म्हणजे अपात्र ठरवणारा निर्णय टिकला नाही आणि तो फिरवणाराही टिकला नाही. दरम्यानची तीन वर्षे मात्र राज्य त्याच अनिश्चिततेत चालले.

आपल्या विधिमंडळांनी हे आसन ब्रिटनच्या संसदेवरून घेतले, असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. हाऊस ऑफ कॉमन्सचे सभापती लिंडसे हॉयल यांनी नोव्हेंबर 2019 मध्ये निवड होताच मजूर पक्षाचे सदस्यत्व सोडले. सार्वत्रिक निवडणुकीत तेथील सभापती कोणत्याही पक्षाचा उमेदवार म्हणून नव्हे, तर सभापती म्हणूनच मतदारांपुढे जातात आणि मोठे पक्ष त्यांच्याविरुद्ध सहसा उमेदवार देत नाहीत. आधुनिक काळात त्या आसनावरून मंत्रिमंडळाकडे जाणारी वाट उरलेली नाही. उमेदवारीची भीती आणि बढतीची आशा, या दोन्ही गोष्टी व्यवस्थेनेच काढून घेतल्यावर निःपक्षपातीपणा केवळ व्यक्तीच्या चारित्र्यावर अवलंबून राहत नाही.

इतके करूनही तेथे संशय उत्पन्न होतोच. फेब्रुवारी 2024 मध्ये गाझातील युद्धविरामावरील चर्चेत हॉयल यांनी प्रघात मोडून मजूर पक्षाची दुरुस्ती मतदानाला घेऊ दिली. ती त्यांच्या पूर्वीच्या पक्षाला सोयीची होती, म्हणून गदारोळ झाला. साठाहून अधिक खासदारांनी अविश्वास व्यक्त केला आणि सभापतींना सभागृहाची क्षमा मागावी लागली. त्याआधी एप्रिल 2023 मध्ये बीबीसीचे अध्यक्ष रिचर्ड शार्प यांना पद सोडावे लागले होते. तत्कालीन पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या आठ लाख पौंडांच्या कर्जाची सोय होत असताना त्यात आपण बजावलेली भूमिका त्यांनी नेमणुकीच्या वेळी उघड केली नव्हती, एवढाच ठपका चौकशीत होता. नेमणूक कर्जाच्या बदल्यात झाली, असे कोणी सिद्ध केले नव्हते. संबंध लपवला, एवढे पुरेसे ठरले. ब्रिटनचे राजकारण आपल्यापेक्षा शुचिर्भूत आहे, असा याचा अर्थ नाही. तेथे संशयाला जागा उरणे हाच दोष मानला जातो, एवढाच त्याचा अर्थ.

आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. ब्रिटनमध्ये पक्षांतरबंदी कायदा नाही. तेथील सभापतींना कोणा खासदाराची जागा पक्षबदलासाठी काढून घेण्याचा अधिकारही नाही. आपण आसन घेतले, त्याभोवतीचे कुंपण घेतले नाही आणि त्यावर न्यायाधीशाचे काम मात्र आणखी लादले.

हा धोका न्यायालयाच्या ध्यानात आला नव्हता असे नाही. किहोटो होलोहान प्रकरणात 1992 मध्ये पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी सभापतींच्या उच्च परंपरेवर विश्वास ठेवून हा अधिकार मान्य केला. उरलेल्या दोघांचे म्हणणे वेगळे होते. सभापतींचे पदच बहुमताच्या मर्जीवर टिकते, म्हणून ते स्वतंत्र निवाडा अधिकारी ठरू शकत नाहीत, असे मत त्यांनी नोंदवले. पुढील तीस वर्षांच्या अनुभवाने अल्पमताचेच पारडे जड केले. गोव्यात जुलै 2019 मधील दहा काँग्रेस आमदारांच्या प्रकरणाचा निकाल देण्यास तत्कालीन सभापती राजेश पाटणेकर यांना एप्रिल 2021 उजाडला. उच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत पुढच्या विधानसभेचे मतदानही होऊन गेले होते. महाराष्ट्रात शिवसेनेच्या फुटीचा निवाडा जानेवारी 2024 मध्ये, म्हणजे दीड वर्षाने आला आणि त्यात दोन्ही गटांतील कोणीही अपात्र ठरले नाही. मणिपूरच्या प्रकरणात 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्वसाधारणपणे तीन महिन्यांची मर्यादा सांगितली आणि स्थायी लवादाचा विचार करण्यास संसदेला सुचवले. तेलंगणाच्या प्रकरणात 31 जुलै 2025 रोजी पुन्हा तीच विनवणी करावी लागली.

गोव्याच्याच आणखी एका खटल्याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. पालिका निवडणुकांच्या वेळी राज्य सरकारने आपल्या कायदा सचिवांकडेच राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार सोपवला होता. 12 मार्च 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. सरकारी सेवेत असलेली व्यक्ती त्या पदावर बसू शकत नाही, असे न्यायालयाने बजावले. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनीच मणिपूरचाही निकाल लिहिला होता, हा योगायोग सूचक आहे. पगार सरकारकडून घेणारा सचिव निवडणुकीचा पंच होऊ शकत नसेल, तर पुढची उमेदवारी आणि पुढचे मंत्रिपद सत्ताधारी पक्षाकडून अपेक्षिणारा आमदार पक्षांतराचा न्यायाधीश कसा होऊ शकतो?

लहान राज्यात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. चाळीस आमदारांच्या सभागृहात मंत्री बाराच होऊ शकतात. त्यामुळे सभापतिपद हे मंत्रिपद न मिळालेल्याची समजूत घालण्याचे किंवा मंत्रिपदाच्या प्रतीक्षेत बसवण्याचे स्थान होऊन बसते. विद्यमान मुख्यमंत्री डॉ. प्रमोद सावंत हेही मार्च 2019 मध्ये सभापतींच्या आसनावरूनच मुख्यमंत्रिपदी गेले. शिवाय येथे विरोधी पक्षांचे गटच इतके लहान असतात की, अकरांपैकी आठ किंवा पंधरांपैकी दहा आमदार फोडले की दोनतृतीयांशांची अट पूर्ण होते.

उपाय फार दूर नाहीत. सभापतींनी निवड होताच पक्ष सोडल्यास ते अपात्र ठरत नाहीत, अशी तरतूद दहाव्या परिशिष्टाच्या पाचव्या परिच्छेदातच आहे. लोकसभेचे अध्यक्ष नीलम संजीव रेड्डी यांनी 1967 मध्ये, हा कायदा नसतानाही, पक्ष सोडला होता. दार उघडे आहे, त्यातून जाण्याची प्रथा तेवढी पडली नाही. सभापतिपद भूषवलेल्याने त्याच विधानसभेच्या कार्यकाळात मंत्रिपद स्वीकारू नये, हा संकेत सर्व पक्ष मिळून घालू शकतात. त्यासाठी घटनादुरुस्तीची आवश्यकता नाही. तिसरा उपाय संसदेच्या हाती आहे. लाभाच्या पदासारख्या अन्य अपात्रतांचा निर्णय अनुच्छेद 192 नुसार राज्यपाल निवडणूक आयोगाच्या मताप्रमाणे देतात. पक्षांतराचा प्रश्नही त्याच मार्गाने किंवा स्वतंत्र लवादाकडे सोपवता येईल. लवाद कोण नेमणार, हा आक्षेप रास्त आहे. मात्र ज्याचे पदच एका पक्षाच्या बहुमतावर उभे आहे, त्याच्यापेक्षा तो अधिक पक्षपाती ठरण्याचा संभव कमी.

सप्टेंबर 2025 मध्ये सावर्डेचे आमदार गणेश गावकर यांची सभापतिपदी निवड झाली. 2027 च्या आरंभी नव्या विधानसभेसाठी मतदान अपेक्षित आहे. पक्षांचे जाहीरनामे लिहिले जातील तेव्हा फुटीरांना धडा शिकवण्याची भाषा सर्वच करतील. त्यांना एवढेच विचारावे: तुमचा सभापती पक्ष सोडेल काय, आणि त्या आसनावरून थेट मंत्रिपदावर जाणार नाही, असे तुम्ही लिहून द्याल काय? 1990 साली डॉ. बार्बोझा यांनी उभा केलेला प्रश्न पस्तीस वर्षांनंतरही अनुत्तरित आहे आणि त्याचे उत्तर देण्यासाठी कोणत्याही पक्षाला दिल्लीच्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.