सुवर्णद्वीपाचे गुरुपण

जावा व मलय लोकांना भारतानेच सुसंस्कृत केले, अशी प्रौढी तुमच्या कानी येत असेल. ती अर्धसत्य आहे. इ. स. ६७१ मध्ये चिनी भिक्षू इत्सिंग भारतात येण्यापूर्वी सुमात्रातील श्रीविजय येथे सहा महिने राहून संस्कृत व्याकरण शिकला. नवव्या शतकात सुवर्णद्वीपाच्या बालपुत्रदेव राजाने नालंदेत विहार उभारला. देवपालाचा ताम्रपट त्याची साक्ष देतो. पुढे खुद्द बंगालचे आचार्य अतीश त्याच द्वीपातील धर्मकीर्तींचे शिष्यत्व पत्करण्यास समुद्र ओलांडून गेले. (समुद्रगमन निषिद्ध मानणारे शास्त्री तेव्हाही येथे होतेच!) मग गुरू कोण आणि शिष्य कोण? बोरोबुदुरच्या ५०४ बुद्धमूर्तीही जावाच्याच भूमीत घडल्या. आज तेथे बहुसंख्य लोक मुसलमान आहेत. तरी १९८३ पासून वैशाखी पौर्णिमेस इंडोनेशियात राष्ट्रीय सुट्टी असते.