रोज दहा शब्द पाठ करून इंग्रजी येत नाही

छत्रपती संभाजीनगरपासून पंचवीसेक किलोमीटरवर गाडीवाट नावाचं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेनं 2019 मध्ये चौथी ते आठवीच्या मुलांना एखादी परदेशी भाषा शिकवायचं ठरवलं आणि कोणती शिकायची ते मुलांनाच विचारलं. मुलांना रोबोटिक्सचं वेड होतं, म्हणून बहुतेकांनी जपानी सांगितली. शाळेकडे पुस्तक नव्हतं आणि जपानी येणारा शिक्षकही नव्हता. इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराचं ॲप एवढ्यावर सुरुवात झाली. पुढे शहरातल्या एका जाणकारानं विनामूल्य ऑनलाइन तास घेतले. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नव्हता त्यांना 'विषयमित्र' मिळाले, म्हणजे ज्यानं तास केला त्यानं दुसऱ्याला शिकवायचं. ही मुलं वर्गाबाहेरही एकमेकांशी जपानीत बोलतात, अशा बातम्या वर्षभरातच देशभर छापून आल्या.

याच जिल्ह्यातली मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली असंख्य मुलं इंग्रजीत चार वाक्यं सलग का बोलू शकत नाहीत, हा प्रश्न गाडीवाटमुळे टाळता येत नाही. महाराष्ट्रात रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, 2000 पासून, इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं. म्हणजे दहावीच्या मुलानं दहा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. त्यासाठीची वही घराघरांत सारखीच दिसते. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. रोज दहा शब्द पाठ करायचे आणि ठरल्या दिवशी परीक्षा द्यायची.

हाच मुलगा पुढे आयटीआय करून वाळूजच्या एखाद्या कारखान्यात मुलाखतीला जातो. स्वतःविषयी सांगा म्हटलं की घोकलेलं उत्तर धडाधड येतं. मग समोरचा विचारतो, आधीच्या ठिकाणी काय काम करत होतास? मशीन, शिफ्ट, सुपरवायझर, एक्सपिरिअन्स हे सगळे शब्द त्याला येत असतात. पण 'आय यूज्ड टू वर्क ऑन' हे चार-पाच शब्दांचं तयार वळण वहीत कधी आलेलंच नसतं. तो गप्प होतो आणि त्या गप्प बसण्यालाच 'याला इंग्रजी येत नाही' असं नाव पडतं. यात मुलाचा दोष नाही. दोष शिकवण्याच्या पद्धतीचा आहे.

आकडेही हेच सांगतात. शालेय शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर' या संस्थेच्या 2022 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी 24.5 टक्के मुलांना इंग्रजीतली सोपी वाक्यं वाचता आली. 2016 मध्ये हे प्रमाण 24.7 टक्के होतं. त्याच संस्थेनं 2023 मध्ये 14 ते 18 वयाची मुलं तपासली. त्यांतल्या 57.3 टक्के मुलांना वाक्यं वाचता आली, पण वाचणाऱ्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याला त्या वाक्यांचा अर्थ सांगता आला नाही. अक्षरओळख झाली, उच्चार जमला, भाषा मात्र हाती लागली नाही.

शब्द एकेकटे नांदत नाहीत, हे मराठी माणसाला निराळं सांगायला नको. आपल्याकडे पाऊस मुसळधार असतो, झोप गाढ असते, चहा कडक असतो. या जोड्या कुणी कोशातून पाठ केल्या नाहीत. त्या ऐकून, बोलून अंगवळणी पडल्या. इंग्रजीतही चूक 'मेक' करतात आणि गृहपाठ 'डू' करतात. मराठीत दोन्हीकडे 'करणे'च येतं. 'डू'चा अर्थ पाठ असलेलं मूल म्हणूनच 'आय डिड अ मिस्टेक' म्हणतं. 'मेक अ मिस्टेक' हा तुकडा अखंड उचलला असता तर चूक झालीच नसती.

कोणते शब्द आधी शिकायचे, हेही अंदाजानं ठरवायचं कारण नाही. मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षकानं ढाक्यात बंगाली मुलांना शिकवताना याचा पिच्छा पुरवला आणि 1953 मध्ये सुमारे दोन हजार सर्वाधिक उपयोगी इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. 2013 मध्ये तिची नवी आवृत्ती आली. तीत सुमारे 2,800 शब्द आहेत आणि सर्वसाधारण इंग्रजी मजकुरातला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग तेवढ्यात सामावतो. एवढे शब्द शालेय वयात सहज आवाक्यात येतात, मात्र प्रत्येक शब्द दोन-तीन वाक्यांत, काही दिवसांच्या अंतरानं पुन्हापुन्हा भेटला पाहिजे. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आज जुनाट वाटेल, पण तिनं शब्द दिले की लगेच वाक्यं करायला लावली. आजच्या दोन रकान्यांच्या वहीत तेवढंही होत नाही.

शब्दसंग्रहाच्या नावाखाली अवघड, भारदस्त शब्द गोळा करण्याची हौस तर सरळ बंद करावी. स्पर्धा परीक्षेला त्यांचा थोडा उपयोग होईल. बँकेत, दवाखान्यात, फोनवर होत नाही.

भाषा कशी येते हे पाहायला लांब जावं लागत नाही. अजिंठ्याच्या पायथ्याशी स्फटिक आणि माहितीपुस्तिका विकणारे लोक परदेशी पाहुण्यांशी इंग्रजीत भाव करतात, दगडाचं वर्णन करतात, फोटो काढून देऊ का विचारतात. त्यांच्याकडे आहेत ती रोज वापरून घासलेली वाक्यं. छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीवर वाढलेला मराठी मुलगाही दखनी वळणाची हिंदी बोलतो, तीसुद्धा कुठल्याही क्लासची फी न भरता. आता इंग्रजी कानावर पडण्याची अशी बाजारपेठ प्रत्येकाला मिळत नाही, हे खरं. म्हणूनच ती वर्गात उभी करणं हे शाळेचं काम आहे.

त्यासाठी शिक्षक तयार करायला राज्याची आंग्लभाषा शिक्षण संस्था वर्षानुवर्षं छत्रपती संभाजीनगरातूनच काम करत आली. ब्रिटिश कौन्सिल, टाटा ट्रस्ट आणि राज्य सरकार यांच्या 'तेजस' प्रकल्पात शिक्षकांनी ठरावीक काळानं गटानं भेटायचं, एकमेकांसमोर उपक्रम करून पाहायचे आणि मग वर्गात न्यायचे, अशी चांगली घडी बसवली होती. स्वतः इंग्रजी बोलायला बिचकणाऱ्या शिक्षकाला याहून मोठा आधार नाही. असे गट नियमित चालले पाहिजेत आणि त्यासाठी शिक्षकांची अशैक्षणिक कामं कमी झाली पाहिजेत.

दहावीच्या परीक्षेचाही विचार व्हायला हवा. अंतर्गत गुण खिरापतीसारखे वाटले जातात, ही तक्रार जुनीच. 2019 च्या परीक्षेत भाषांचे वीस अंतर्गत गुण काढले, तेव्हा राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर आला. त्याच वर्षी ते गुण परत आणले गेले. परत आणलेच आहेत, तर इंग्रजीच्या गुणांतला तोंडी परीक्षेचा वाटा खरोखर बोलण्यासाठी वापरावा. पाठ केलेला उतारा म्हणून दाखवायला सांगू नये. रेल्वे स्टेशनवरून पाणचक्कीला कसं जायचं ते पाहुण्याला सांग, मोबाइल बिघडला म्हणून दुकानदाराकडे तक्रार कर, आजारी असल्यानं कामावर येत नाही हे फोनवर कळव, असे पंचवीस-तीस प्रसंग शाळांना जूनमध्येच कळवावेत. परीक्षेला त्यांतला कोणताही एक यावा. मग क्लासवाले आणि पालकही वर्षभर त्याचीच तयारी करून घेतील.