लंडनला तपासणी, सोलापूरला अंदाज!

सोलापूरच्या नवी पेठेत संध्याकाळी एखाद्या कापड दुकानाच्या पायरीवर उभे राहा. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांत घासाघीस ऐकू येईल. शतकानुशतके आपापल्या जातीतच सोयरिकी करत आलेली ही माणसे. त्यांचे रक्त वेगळे, औषध पचवण्याची ताकद वेगळी. पण हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसला किंवा मेंदूत गुठळी झाली, की यांतल्या बहुतेकांच्या हाती पडते एकच गोळी, एकाच मापाची: क्लोपिडोग्रेल ७५. कात्रीने कापलेली पट्टी, तिच्यावर मुंगीएवढी इंग्रजी अक्षरे, कापताना अर्धी उडालेली मुदतीची तारीख. सोबत माहितीपत्रक नाही, मराठीत एक अक्षर नाही.

ही गोळी गिळली म्हणजे काम झाले, असे नाही. यकृतातले सीवायपी२सी१९ नावाचे विकर तिला जागे करते, तेव्हा कुठे ती रक्ताची गुठळी रोखते. ज्याच्या जनुकातच हे विकर दुबळे, त्याच्या पोटात ती बऱ्याच अंशी निजूनच राहते. तो माणूस रोज नेमाने गोळी घेतो, पैसे मोजतो आणि आपण सुरक्षित आहोत असे समजतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० सालीच या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा छापायला लावला. पूर्व लंडनमधल्या बांगलादेशी आणि पाकिस्तानी वंशाच्या लोकांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी ५७ टक्के लोकांत हे विकर कमी-अधिक दुबळे निघाले. आपल्याच उपखंडाचे हे रक्त! भारतात झालेले अभ्यासही याच दिशेला बोट दाखवतात. इंग्लंडच्या नाइस या संस्थेने जुलै २०२४ मध्ये शिफारस केली, की पक्षाघाताच्या रुग्णाला क्लोपिडोग्रेल सुचवताना जनुकतपासणी करावी. अमेरिकेतल्या हवाई राज्याने तर आपल्या आशियाई आणि बेटवासी रुग्णांना अंधारात ठेवले म्हणून औषधकंपन्यांना न्यायालयात खेचले. मे २०२४ मध्ये न्यायाधीशांनी त्यांना ९० कोटी डॉलरांहून अधिक दंड ठोठावला.

आणि आमच्या देशाच्या औषध नियंत्रकांनी काय केले? लंडनला गेलेल्या माणसाचे रक्त तपासायचे, आणि मायदेशी राहिलेल्याने अंदाजावर जगायचे, हा कुठला न्याय?

(ही गोळी घेणाऱ्या एकानेही हे वाचून ती परस्पर बंद करू नये. स्टेंट बसवलेल्याने असे करणे जिवावर बेतेल. डॉक्टरांना विचारा, आणि ठणकावून विचारा.)

"आम्हाला कल्पना नव्हती" असे म्हणायची सोय सरकारला उरलेली नाही. ही गोष्ट एकट्या क्लोपिडोग्रेलची नाही. क्षयाची आयसोनियाझिड ही गोळी भारतीयांपैकी साधारण साठ टक्क्यांच्या शरीरात सावकाश निचरते, तर जपान्यांत असे लोक जेमतेम दहातले एक. हातापायांना मुंग्या येतात, यकृताला इजा होते, त्यामागे हे एक मोठे कारण. मद्रासच्या क्षयरोग केंद्रात या गोष्टीचा अभ्यास १९६० च्या दशकातच झाला होता. हिवतापाच्या प्रायमाक्विनने ज्यांच्या तांबड्या पेशी फुटतात, त्यांच्यातल्या दुबळ्या जी६पीडी विकराच्या एका प्रकाराला शास्त्राने आपल्या कल्याणचे नाव दिले आहे. तो एका कोळी कुटुंबात सापडला, १९८४ साली! आपल्या गावाचे नाव जगाच्या ग्रंथात गेले, पण किती आरोग्यकेंद्रांत आज गोळी देण्यापूर्वी जी६पीडीची तपासणी होते?

सर्वांत भयंकर गोष्ट भुलीची आहे. स्कोलिनचे इंजेक्शन दिले की स्नायू पाचदहा मिनिटे लुळे पडतात आणि मग रक्तातले विकर त्या औषधाचा निकाल लावते. आर्य वैश्य समाजातल्या काही कुटुंबांत हे विकर जवळजवळ नसतेच. इतर समाजांच्या तुलनेत सुमारे शंभरपट अधिक प्रमाणात हा दोष इथे आढळतो, असे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये लिहून ठेवले. अशा माणसाचा श्वास तासन् तास परत येत नाही. कृत्रिम श्वासाचे यंत्र हाताशी असेल तर तो वाचतो. नसेल तर? आंध्रातल्या आणि तमिळनाडूतल्या भूलतज्ज्ञांना हे चांगले ठाऊक आहे. हा समाज मराठवाड्यात आहे, सोलापुरात आहे, पेढीवर बसून याच बाजारात व्यापार करतो.

म्हणून जात विचारून औषध द्यावे काय? मुळीच नाही! आडनाव पाहून केलेला उपचार हा शास्त्राचा आणि माणसाचा दोघांचाही अपमान आहे. एकाच घरातल्या दोन भावांचे जनुक वेगळे निघू शकतात. जातीवरून फार तर संशय घेता येतो. निर्णय तपासणीनेच व्हायला हवा. आणि ही तपासणी आयुष्यात एकदाच करावी लागते, कारण जनुक बदलत नाहीत.

जीनोमइंडिया प्रकल्पाने दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचून जानेवारी २०२५ मध्ये माहिती खुली केली. समारंभ झाला, भाषणे झाली. ती माहिती फरिदाबादच्या माहितीकेंद्रात आहे. आमच्या सिव्हिल रुग्णालयाच्या ओपीडीतला रुग्ण जिथल्या तिथे आहे. ही दिरंगाई आम्ही सहन करणार नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचे पैसे सरकार भरते. त्याच पॅकेजात सीवायपी२सी१९ची तपासणी बसवा, आणि ज्याचे विकर दुबळे निघेल त्याला टिकाग्रेलॉरसारखे दुसरे औषध त्याच योजनेतून द्या. इथल्या वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयात जिल्ह्यासाठी प्रयोगशाळा उभी करा. भुलीपूर्वीच्या अर्जावर "घरात कोणाला भुलीतून उठायला उशीर झाला होता काय?" हा प्रश्न मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दूत छापा, त्याला तर कागदापलीकडे खर्च नाही. सोलापूरच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात तारांकित प्रश्न टाकावा आणि तपासणी कोणत्या महिन्यापासून सुरू होणार, ते मंत्र्यांकडून सभागृहात वदवून घ्यावे.