सदर्न सोल १९७५ मध्ये संपले नाही



‘स्टॅक्स’ या मेम्फिसच्या रेकॉर्ड कंपनीचे १९७५ मध्ये दिवाळे निघाले आणि अमेरिकेच्या दक्षिणेतले सोल संगीत तिथेच संपले, हे गेल्या अंकातील लेखातले विधान मला मुळीच पटले नाही. कंपनी बुडाली, गाणी नव्हे. ॲन पीबल्सचे ‘आय कान्ट स्टँड द रेन’ हे १९७३ चे मेम्फिसचे गाणे. १९९७ मध्ये मिसी एलियटने त्याच्याच आधारावर आपले गाणे उभे केले. स्टॅक्सचा गायक ओटिस रेडिंग १९६७ मध्ये विमान अपघातात गेला, अवघ्या २६ व्या वर्षी. २०११ मध्ये जे-झी आणि कान्ये वेस्ट यांनी त्याचा आवाज वापरून केलेल्या गाण्याला नावच ‘ओटिस’ दिले.

लेखात वादकांचा उल्लेखही नाही, याचे जास्त वाईट वाटले. वर्णभेदाने पोखरलेल्या मेम्फिस शहरात, एका जुन्या चित्रपटगृहातल्या स्टॅक्सच्या स्टुडिओत, बुकर टी. जोन्स व अल जॅक्सन हे कृष्णवर्णीय आणि स्टीव्ह क्रॉपर व डोनाल्ड डन हे गोरे वादक एकत्र वाजवत होते. तिथेच रेकॉर्ड झालेले विल्सन पिकेटचे ‘इन द मिडनाइट अवर’ ऐका: दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा आघात किंचित उशिरा पडतो, आणि सगळे गाणे त्या उशिरावर डुलते. या चौघांवर आपण स्वतंत्र लेख छापावा, ही आग्रहाची विनंती.

– एक वाचक, सांगली