नाटकाचा धनी कोण?

नाटक हे अनेकांच्या सहकारी श्रमाचे फळ असते, हे तत्त्व सर्वांनाच मान्य असते. परंतु गुंतविलेला पैसा अडचणीत आला, की त्या श्रमफळाचा धनी कोण, हा प्रश्न उघडा पडतो. ब्रॉडवेवरील ‘स्पायडर-मॅन : टर्न ऑफ द डार्क’ या संगीतिकेच्या दिग्दर्शिका ज्यूली टेमर यांना मार्च २०११ मध्ये दूर व्हावे लागले. त्या घटनेला बराच काळ लोटला. तरी तिचे अर्थकारण कार्यकर्त्यांनी समजून घेण्यासारखे आहे.

‘द लायन किंग’साठी १९९८ साली संगीतिका-दिग्दर्शनाचा टोनी पुरस्कार मिळविणाऱ्या टेमर या पहिल्या स्त्री. नव्या संगीतिकेच्या सहलेखिकाही त्याच होत्या. या संगीतिकेवर सुमारे ७.५ कोटी डॉलर खर्च झाले. ब्रॉडवेच्या इतिहासात एवढा खर्च पूर्वी कधी झालेला नव्हता. २८ नोव्हेंबर २०१० पासून पूर्वप्रयोग सुरू झाले आणि उद्घाटनाची तारीख पुनःपुन्हा पुढे जात राहिली. तिकिटे मात्र विकली जात होती. अखेर फेब्रुवारीत समीक्षकांनी उद्घाटनाची वाट न पाहता कठोर परीक्षणे छापली. पुढच्याच महिन्यात, अन्य कामांमुळे टेमर यांना पूर्ण वेळ देणे शक्य नाही, असे निर्मात्यांनी जाहीर केले. नवा दिग्दर्शक आणि नवा लेखक नेमून संहितेची फेररचना झाली, आणि विक्रमी १८२ पूर्वप्रयोगांनंतर १४ जून रोजी रीतसर उद्घाटन झाले.

टेमर सर्वस्वी निर्दोष होत्या, असे आम्ही म्हणणार नाही. कथानक दुर्बोध झाले होते, आणि महत्त्वाकांक्षेला आवर घालणे हेही दिग्दर्शकाचे कर्तव्य असते. परंतु खर्चाच्या प्रत्येक आकड्याला मंजुरी तिजोरीच्या चाव्या ज्यांच्या हाती होत्या, त्यांनीच दिली होती. तिकिटे खपत होती तोवर भव्यता हे नाटकाचे भूषण ठरले. तोटा दिसू लागताच तीच भव्यता कलावंताचा हट्ट ठरली.

या गदारोळात मागे पडलेली गोष्ट आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. २० डिसेंबर २०१० रोजी प्रयोग चालू असताना एक नर्तक-नट वीस फुटांहून अधिक उंचीवरून कोसळला. त्याला बांधलेली सुरक्षा-दोरी दुसऱ्या टोकाला अडकविलेलीच नव्हती. त्याच्या बरगड्या आणि पाठीचे मणके मोडले. त्याच्याआधीही काही कलावंत जायबंदी झाले होते. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने मार्च २०११ मध्येच निर्मिती-संस्थेवर गंभीर त्रुटींचा ठपका ठेवला आणि दंड आकारला १२,६०० डॉलर! म्हणजे खर्चाच्या दर एक लाख डॉलरांमागे १७ डॉलरही नाहीत. जेथे दंड इतका स्वस्त, तेथे सुरक्षितता हीच महागडी चैन ठरणार, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

टेमर यांच्या प्रकरणाचा उत्तरार्धही उद्बोधक आहे. दिग्दर्शनाच्या स्वामित्वधनासाठी त्यांच्या बाजूने दिग्दर्शक व नृत्यदिग्दर्शकांची संघटना उभी राहिली आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये तिने समझोता घडवून आणला. लेखनाच्या हक्कांचा स्वतंत्र दावा टेमर यांनी नोव्हेंबर २०११ मध्ये न्यायालयात लावला होता. निर्मात्यांनी प्रतिदावा केला, आणि २०१३ साली तोही तडजोडीने मिटला. जगप्रसिद्ध कलावंताचे नावसुद्धा एकटे पुरे पडले नाही. तिच्या मोबदल्याला बळ दिले ते करार आणि संघटना यांनी. संगीतिका मात्र ४ जानेवारी २०१४ रोजी बंद पडली, आणि तेव्हाच्या वृत्तांनुसार गुंतवणूकदारांचे ६ कोटी डॉलरपर्यंत नुकसान झाले. दिग्दर्शिका बदलूनही भांडवल वाचले नाही.

गुंतवणूकदार पैशाची जोखीम घेतो, म्हणून निर्णयाचा अधिकार त्याचा, असे भांडवलशाही अर्थशास्त्र सांगते. मग दोरीच्या टोकाला लोंबकळणाऱ्या नटाची जोखीम कोणत्या खात्यावर मांडायची? बुडालेला पैसा पुन्हा उभा करता येतो; मोडलेल्या मणक्याचे तसे नाही. जो देहाची जोखीम घेतो, त्याला प्रयोग थांबविण्याचा अधिकार असला पाहिजे, आणि जो निर्मिती करतो, त्याच्या श्रमाचे मोल लेखी बांधलेले असले पाहिजे. आपल्या गावातील नाट्यगृहात पडद्यामागे राबणाऱ्यांना या दोहोंपैकी काय लाभले आहे, हे कार्यकर्त्यांनी एकदा आत जाऊन विचारावे.